तोंडचं पाणी

"डॅम लावते, निनावे काका," उईके मॅडम म्हणाल्या,
अन् मला तोतलाडोह आठवलं.

मेडिकल चौकातलं दातांचं सरकारी कॉलेज,
दुसरा मजला, सातव्या नंबरची खुर्ची, मे महिना.
खिडकीतला कूलर घरघर करून राहिला होता,
त्याच्याही टाकीत पाणी कमीच,
आवाजावरून कळतं मला.
सव्वीस वर्षं नंदनवनच्या टाकीवर चावी फिरवली,
पाणी कुठं आहे नि कुठं नाही, कानानं ओळखतो.

निळ्या रबराचा चौकोन, हातरुमालाएवढा.
त्याला एक भोक पाडलं, तिकिटाला पाडतात तसं.
चिमटा दाढेच्या गळ्याशी बसवला,
भोवतीचं रबर ताणून चौकटीला अडकवलं,
आणि ती एकटी दाढ
सगळ्या बत्तीशीतून वेगळी काढून
वर उभी केली. पुसून, फुंकर मारून, कोरडी.
आरशात दाखवली मला.
वर्गाबाहेर उभं केलेलं पोर दिसतं, तशी दिसली.

काऊन लावता हे, विचारायचं राहूनच गेलं.
त्यांनीच सांगितलं:
लाळेतले जंतू मुळात उतरायला नको,
सुई निसटली तर घशात जायला नको,
औषध जिभेवर पडलं तर भाजतं.
म्हणजे हे धरण पाणी साठवायचं नाही,
पाण्याला बाहेर ठेवायचं.
असं धरण मी पाहिलं नव्हतं.

मग ओठाच्या कोपऱ्यात एक वाकडी नळी.
ती ओढायला लागली, सुर्र, सुर्र, घर्र,
आणि जबडा मोकळा असता तर मी हसलोच असतो.
टुल्लू पंप!
किती जप्त केले बाप्पा, पहाटे पाचला, घरोघरी जाऊन,
गादीखाली लपवलेले, गरमच असायचे.
आता माझ्याच लाइनीवर सरकारी टुल्लू,
पंचनामा कोण करणार?

तोंडचं पाणी पळालं, असं म्हणतात लोक.
माझं पळालं नव्हतं.
घोट घोट मोजून नेत होते.
जीभ रबराखाली अंधारात, गोणपाटासारखी पडलेली.

पन्नास मिनिटं बोलता येत नाही,
तर नको ते वर येतं.
वाठोड्याकडच्या टोकाला शेवटचा नळ,
कौतिकाबाई गजभियेंचा.
"प्रेशर नाही बाई, मी काय करू?"
ती भांडायची नाही.
रिकामी गुंडी उचलून तिचं तोंड माझ्याकडं करायची.
आत नुसतं तांबं दिसायचं. खोल. कोरडं.

प्रेशर होतं. नेहमी नाही, पण होतं.
वरच्या लेआउटमधून फोन यायचा,
आणि त्या बाजूची चावी दीड फेरा कमी फिरायची.
दीडच.

माझ्या डोळ्यातून काही आलं असावं,
तिथं नळी लावलेली नव्हती.
"दुखलं तर डावा हात वर करा," मॅडम म्हणाल्या.
केला नाही.

रबर निघालं तेव्हा ओठ परक्याचे वाटले.
चूळ भरली, थुंकलो,
भांड्यात पाणी आपलं गोल गोल फिरत राहिलं,
अन् माझा हात सवयीनं चावी शोधायला गेला.
"काका, ते आपोआप बंद होतं."
मी थांबलो. पाहत राहिलो.
झालं बंद.

पुढची तारीख मंगळवारची, कॅप बसवायची.
गेटाबाहेर पाणपोई होती,
लाल फडक्यातले रांजण, वाकून ओंजळ धरली.
अर्धं पाणी घशात गेलं,
अर्धं सुन्न ओठाच्या कोपऱ्यातून सदऱ्यावर.
"हळू प्या जी," वाढणारी म्हातारी म्हणाली, "पुष्कळ हाय."

किरकोळ गळती.
वहीत असंच लिहायचो मी,
आणि पान उलटायचो.